घाबरणाऱ्याची जागा

गणपतीत आमच्या गल्लीत पडदा लागायचा. समोरासमोरच्या दोन माड्यांना दोर बांधून पांढरं कापड ताणायचं आणि वाऱ्यानं ते फुगू नये म्हणून खालच्या कोपऱ्यांना विटा बांधायच्या. पुढच्या अंगाला सतरंज्यांवर बायका आणि म्हातारी माणसं बसत. आम्हा पोरांच्या वाट्याला पडद्याची मागची बाजू यायची. तिथूनही सिनेमा स्वच्छ दिसे, फक्त उजव्याचं डावं झालेलं असे आणि नावं आरशातल्यासारखी उलटी उमटत. पेठ वडगावात मी 'झपाटलेला' पहिल्यांदा पाहिला तो असा, मागून. 'लक्ष्मीकांत बेर्डे' ही अक्षरं उलटी वाचायला मी त्या रात्री शिकलो.

सिनेमातला खुनी बाहुला स्वतःच्या पायांनी चालायला लागला तेव्हा शेजारच्या पोरानं माझा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशीही तिथं दुखत होतं. पडद्याच्या पुढून हशा ऐकू येत होता आणि मागे आमच्यातलं कुणी श्वास घेत नव्हतं. मला एक युक्ती सापडली होती. बाहुल्याकडे बघायचंच नाही. तो आला की मान खाली घालायची आणि बोटांच्या फटीतून फक्त लक्ष्याचं, म्हणजे बेर्डे यांचं, तोंड बघायचं. तो किती घाबरलाय त्यावरून आपण किती घाबरायचं ते ठरवायचं. त्या युक्तीनं माझी भीती कमी झाली नाही, उलट वाढली. बाहुला मी नंतर पुष्कळदा नीट पाहिला आणि त्याची भीती केव्हाच गेली. लक्ष्याच्या त्या डोळ्यांचं मात्र अजून तसं झालेलं नाही.

हे पुस्तक त्या सिनेमाच्या दुसऱ्या भागावर आहे. 'झपाटलेला' १९९३चा आणि 'झपाटलेला २' २०१३चा. मध्ये वीस वर्षं गेली. पहिल्या भागावर लिहायला कुणीही तयार होईल, कारण तो मराठी माणसाच्या घरातला झालेला आहे. दुसऱ्या भागावर कशाला, असं मला अनेकांनी विचारलं. त्याचं उत्तर ही प्रस्तावना आहे, आणि त्यासाठी मला थोडं लांबून यावं लागेल.

अमेरिकेत सत्तरच्या दशकाच्या शेवटी भयपटांची एक जात जोमानं वाढली. तिला स्लॅशर म्हणतात. सुरा, कोयता किंवा कुऱ्हाड घेतलेला एक मारेकरी असतो, तो तरुण पोरापोरींना एकेक करून टिपतो, शेवटी एक मुलगी उरते आणि ती त्याला संपवते. पुढच्या वर्षी तो परत येतो. १९७८ साली जॉन कार्पेंटरचा 'हॅलोविन' आला आणि या प्रकाराला साचा मिळाला. १९८० साली 'फ्रायडे द थर्टीन्थ' आला आणि १९८९ संपेपर्यंत त्याचे आठ भाग झाले होते. १९८४ साली स्वप्नात शिरून मारणारा फ्रेडी क्रूगर आला. आपल्याकडे रामसे बंधूंनी त्याच्यावरूनच 'महाकाल' केला. या मालिकांमध्ये नायक टिकत नाही, मारेकरी टिकतो. पोस्टरवर त्याचा चेहरा असतो, किंवा मुखवटा. त्याला जाळा, बुडवा, गोळ्या घाला, तिकीटबारी चालू असेपर्यंत तो उठणारच.

१९८८ साली 'चाइल्ड्स प्ले' आला आणि त्यानं कोयत्याच्या जागी खेळणं आणलं. चार्ल्स ली रे नावाचा खुनी पोलिसांच्या गोळीनं मरायला टेकलेला असतो. मरता मरता तो मंत्र म्हणून दुकानातल्या बाहुल्यात आपला जीव घालतो. तो बाहुला म्हणजे चकी. बाहुल्यातून सुटायचं तर ज्याला त्यानं आपलं खरं रूप पहिल्यांदा सांगितलं त्याच्याच देहात शिरावं लागतं, आणि तो असतो अँडी नावाचा लहानसा मुलगा. बाहुला बोलतो, असं तो पोरगा सांगत सुटतो. कोण ऐकणार?

'झपाटलेला'चे दिग्दर्शक महेश कोठारे यांनी हा सांगाडा उचलला, हे आपण लपवू नये. इथे मला माझं पहिलं मत मांडायचं आहे. उचलेगिरीच्या हिशेबात 'झपाटलेला'ला मोजणारे एक मोठी गोष्ट विसरतात. मराठीत अँडीची जागा लहान मुलाला मिळाली नाही. ती मिळाली बाहुल्या बोलवण्याचा नाद असलेल्या एका तरुणाला. लक्ष्या शब्दभ्रमाचे खेळ करतो. त्याच्या हातातला बाहुला शिव्या देऊ लागला, धमक्या देऊ लागला, तर गावानं काय समजावं? पोरगं कलेत तयार झालं, हेच! अँडीवर कुणी विश्वास ठेवत नाही कारण तो लहान आहे. लक्ष्यावर कुणी विश्वास ठेवत नाही कारण तो आपल्या कामात चांगला आहे. मूळ गोष्टीत नसलेली ही अडचण मराठी पटकथेनं स्वतः शोधून काढली. विनोद तिच्यातूनच येतो आणि भीतीही तिच्यातूनच.

शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांच्यामुळे हे शक्य झालं. त्यांचे वडील य. के. पाध्ये यांच्यापासून घरात बोलक्या बाहुल्यांची विद्या आहे. अर्धवटराव हा बाहुला त्या घराचा थोरला. 'झपाटलेला'मधला बाहुला, तात्या विंचू, घडवला आणि चालवला तो रामदास पाध्ये यांनी. या कलेबद्दल थोडं सांगतो, कारण पुढच्या सगळ्या विवेचनाचा पाया तिथे आहे. शब्दभ्रमकार ओठ न हलवता बोलतो. प, फ, ब, भ, म ही अक्षरं ओठ मिटल्याशिवाय निघत नाहीत, म्हणून त्यांच्या जागी जिभेनं जवळपासचे आवाज काढायचे आणि ते घाईत मिसळून टाकायचे. ऐकणाऱ्याचा कान ती तडजोड चालवून घेतो, कारण त्याचे डोळे बाहुल्याच्या हलणाऱ्या जबड्यावर असतात. पण ही झाली अर्धी कला. उरलेली अर्धी कलाकाराच्या नजरेत असते. बाहुला बोलत असताना तो त्याच्याकडे बघतो, ऐकतो, चकित होतो, चिडतो. माणूस ऐकतोय म्हणजे समोर कुणीतरी बोलतंय, असं आपलं मन ठरवून टाकतं. लाकडात जीव येतो तो या ऐकण्यामुळे.

लक्ष्मीकांत बेर्डे यांनी 'झपाटलेला'मध्ये ही उरलेली अर्धी कला केली. त्यांना विनोदाचा बादशहा म्हणून आपण इतक्या वेळा गौरवलं की त्यांचं हे काम नजरेआड झालं. 'धुमधडाका' (१९८५), 'थरथराट' (१९८९), 'धडाकेबाज' (१९९०) या महेश कोठारे यांच्याच सिनेमांमधून आलेली चपळाई इथेही आहे. पण समोर सहकलाकार म्हणून एक हातभर उंचीचं खेळणं असताना तेवढ्याच खरेपणानं दचकणं, गयावया करणं, रडकुंडीला येणं, हे मला आजही थक्क करतं. दिलीप प्रभावळकर यांच्या घशातून तात्या विंचूचा तो खरवडणारा आवाज आला. दोनच वर्षांपूर्वी 'चौकट राजा'मधला निरागस नंदू त्यांनीच केला होता आणि पुढे २००६ साली 'लगे रहो मुन्नाभाई'मध्ये गांधीजीही तेच झाले. पाध्ये यांचे हात, प्रभावळकरांचा आवाज आणि बेर्डे यांची नजर, अशा तीन माणसांनी मिळून एक बाहुला जिवंत केला. तिघांतला एक जरी वजा केला तरी तो पुन्हा खेळणं होतो.

हिंदीनं पुढे आपलीही आवृत्ती केली, १९९६ची 'पापी गुडिया'. ती कुणाच्या फारशी लक्षात नाही. 'झपाटलेला' स्वतःच हिंदीत 'खिलौना बना खलनायक' या नावानं गेला आणि त्यानं परमुलखातल्या पोरांचीही झोप उडवली.

आमच्या भागात या सिनेमानं इतकी मुळं का धरली, यामागे आणखी एक कारण आहे. बाहुली ही आमच्याकडे कधी नुसती खेळायची वस्तू नव्हती. नवं घर बांधलं की काळी बाहुली टांगतात, ट्रकच्या बंपरला टांगतात, तिच्याबरोबर बिबवा आणि लिंबू-मिरची. तिकटीवर सकाळी हळदकुंकू लावलेलं लिंबू दिसलं की आई हात धरून बाजूनं न्यायची. एखादी बाई अबोल झाली, जेवेनाशी झाली, की कुजबुज व्हायची, 'बाहेरचं झालंय.' लागीर, करणी, उतारा हे शब्द आम्ही शाळेत जायच्या आधी शिकलो. अमेरिकेतल्या लेखकाला बाहुल्यात जीव घालण्यासाठी दूरदेशीचा जादूटोणा आणावा लागला. आमच्या प्रेक्षकाला काहीच समजावून सांगावं लागलं नाही. सिनेमातल्या बाबा चमत्कारकडून तात्या विंचू मृत्युंजय मंत्र हिसकावून घेतो, हे पाहून कुणाच्या कपाळावर आठी आली नाही. त्याच सिनेमातलं कुबड्या खवीस हे नाव ऐकलं की खवीस म्हणजे काय हे कोकणातल्या आणि घाटावरच्या पोरांना ठाऊक असायचंच. 'धडाकेबाज'मधला कवट्या महांकाळ तर उघडच आमच्या शेजारच्या जिल्ह्यातल्या कवठे महांकाळवरून आलेला. खलनायकाचं नाव एसटीच्या पाटीवर रोज दिसत असेल तर तो लांबचा वाटत नाही.

मला इथे थांबून एक गोष्ट सांगितली पाहिजे. दुसरा भाग जून २०१३ मध्ये आला. त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून झाला. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी त्यांनी कित्येक वर्षं जिवाचं रान केलं होतं. त्यांच्यामागे काही दिवसांतच अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला. भुताचे सिनेमे अंधश्रद्धा वाढवतात, अशी तक्रार मी लहानपणापासून ऐकत आलो. माझा अनुभव वेगळा आहे. ज्या पोरांनी गल्लीतल्या पडद्यावर तात्या विंचू पाहिला, त्यांनी दुसऱ्या दिवशी तिकटीवरच्या लिंबाला लाथ मारून खेळ केला. भीती गोष्टीत आली की तिला सुरुवात असते, शेवट असतो आणि घरी जायची वेळ असते. ज्या बाईला 'बाहेरचं झालंय' म्हणून उपाशी ठेवतात, मारतात, तिच्या गोष्टीला असा शेवट नसतो. दाभोलकर लढले ते तिच्यासाठी. तिला आणि तात्या विंचूला एका मापानं मोजू नये, एवढंच मला म्हणायचं आहे.

आता दुसऱ्या भागाकडे येतो.

१६ डिसेंबर २००४ रोजी लक्ष्मीकांत बेर्डे गेले. वय अवघं पन्नास. त्यामुळे २०१३चा सिनेमा उभा राहिला तोच एका रिकाम्या जागेभोवती. गोष्टीतही लक्ष्या आता हयात नाही. त्याचा मुलगा आदित्य मोठा झाला आहे आणि तात्या विंचू परत आलाय. आदित्यचं काम आदिनाथ कोठारे यांनी केलं, म्हणजे पडद्यावर लक्ष्याचा मुलगा आणि पडद्याबाहेर महेशचा. बालकलाकार म्हणून आदिनाथ 'माझा छकुला'त (१९९४) लक्ष्यासोबत होते. स्वतः महेश कोठारे १९६३च्या 'छोटा जवान'मधले बालकलाकार आणि त्यांचे वडील अंबर कोठारे हेही कलावंत. महेश इथे पुन्हा पहिल्या भागातले इन्स्पेक्टर महेश जाधवच आहेत, फक्त हुद्दा वाढलेला आणि केस पिकलेले. प्रभावळकरांचा आवाज तोच, पाध्ये यांचा बाहुला तोच. मकरंद अनासपुरे, सई ताम्हणकर, सोनाली कुलकर्णी ही नवी पिढी भोवती आलेली.

योगायोग असा की चकीही २०१३ सालीच परतला. 'कर्स ऑफ चकी'मध्ये त्याचा आवाज १९८८पासून होता त्याच ब्रॅड डूरिफ यांचा, आणि समोर घाबरणारी मुलगी होती त्यांचीच लेक, फिओना डूरिफ. दोन देशांत, एकमेकांना न विचारता, एकाच वर्षी, एकाच बाहुल्याच्या गोष्टीचा उशिराचा भाग पोटच्या पोरांच्या हाती दिला गेला. मला हे फार बोलकं वाटतं. पहिला भाग माणूस बाजारासाठी काढतो. वीस वर्षांनी काढलेला भाग तो घरासाठी काढतो, जसं जुनं दुकान मुलाच्या नावावर करतात. २०१८ साली 'हॅलोविन'चा नवा भाग आला तेव्हा चाळीस वर्षांपूर्वी जी पोरगी जीव वाचवून पळाली होती, त्या भूमिकेत जेमी ली कर्टिस आजी होऊन बंदूक घेऊन बसलेल्या होत्या. मुखवट्यामागचा मारेकरी तसाच होता. तिच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्यांनी त्या सिनेमाला जे वजन दिलं ते आधीच्या ढीगभर भागांना आलं नव्हतं.

'झपाटलेला २'ला हे वजन मिळू शकलं नाही. दोष आदिनाथचा नाही. जिनं म्हातारं होऊन बाहुल्यासमोर पुन्हा उभं राहायचं ती व्यक्तीच गेलेली होती. म्हणून सिनेमानं दुसरी वाट धरली, तंत्राची. पहिला मराठी त्रिमितीय चित्रपट अशी त्याची जाहिरात झाली. उशिराच्या भागांची ही जुनी सवय आहे. 'फ्रायडे द थर्टीन्थ'चा तिसरा भाग १९८२ साली त्रिमितीत आला, 'जॉज'चा तिसरा १९८३ साली. भारतात १९८४चा मल्याळम 'माय डिअर कुट्टिचातन' पहिला. तोही एका जादूई पोराचा आणि मांत्रिकाचा. त्यानंतर वर्षभरात रामसेंचा 'सामरी'. भुतांना त्रिमिती मानवते, कारण भुताचं काम आपल्या अंगावर येणं हेच आहे. दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं दाखवायची आणि मेंदूनं ती जुळवून खोली तयार करायची, हे त्यामागचं तंत्र. मराठीच्या तुटपुंज्या पैशांत हे करून दाखवणं सोपं नव्हतं आणि त्याबद्दल त्या मंडळींना मी मनापासून दाद देतो.

मी मुलाला घेऊन तो बघायला कोल्हापूरला गेलो. वडगावहून वीस-पंचवीस किलोमीटर. वाठारचा फाटा गाठायचा आणि हायवेनं खाली. मुलगा तेव्हा आठ वर्षांचा होता, पहिला भाग त्यानं पाहिलेला नव्हता. काळा चष्मा नाकावरून घसरत होता म्हणून त्यानं तो दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. बाहुला अंगावर झेपावला की तो खदखदून हसायचा आणि हात पुढे करून त्याला पकडायला बघायचा. पूर्ण सिनेमाभर तो एकदाही घाबरला नाही. परतताना गाडीत त्यानं विचारलं, 'बाबा, लक्ष्या कोण?' मला पटकन सांगता येईना.

त्याच आठवड्यात घरी त्याला पहिला भाग लावून दिला. साधा टीव्ही, चष्मा नाही, चित्र जुनं आणि पिवळं पडलेलं. अर्ध्यावर तो उठून माझ्या मांडीवर येऊन बसला. नंतर त्यानं तोंड फिरवलं आणि बोटांच्या फटीतून बघायला लागला. मी त्याच्या नजरेच्या रेषेत पाहिलं. तो बाहुल्याकडे बघत नव्हता.

त्या रात्री मला आमच्या गावाची एक जुनी गोष्ट आठवली. वडगावात सरसेनापती धनाजी जाधवांची समाधी आहे. १७०८ साली ते इथेच वारले. संताजी-धनाजींची गोष्ट मराठी पोर आईच्या कुशीत ऐकतं. मोगलांची घोडी पाणी पिईनात, तेव्हा मोगल त्यांना विचारायचे, पाण्यात संताजी-धनाजी दिसतात की काय? आजीनं ही गोष्ट सांगितली तेव्हा मी तिला विचारलं होतं की मग पाण्यात खरंच कोण दिसायचं. ती म्हणाली, पाण्यात काय दिसणार, पाणीच. बघायचं ते घोड्याच्या डोळ्यांत. समाधीजवळून जाताना मी आजही पहिल्यांदा त्या घोड्यांचा विचार करतो आणि मग सेनापतींचा.

या पुस्तकातले लेख वेगवेगळ्या वाटांनी जातात. काहींत पटकथेचा बारकाईनं विचार आहे, काहींत त्रिमितीच्या चित्रीकरणाचा, काहींत बाहुल्यांच्या विद्येचा. रामदास पाध्ये यांचे पुत्र सत्यजित हेही आज शब्दभ्रमकार आहेत, त्यामुळे ती विद्या कोठारेंच्या सिनेमासारखीच बापाकडून लेकाकडे चालत आलेली आहे, आणि त्यावरचा लेख मला स्वतःला सगळ्यांत आवडतो. एक-दोन लेखकांशी माझं पटत नाही. दुसरा भाग पहिल्यापेक्षा जास्त भयावह आहे असं त्यांनी लिहिलंय आणि ते मी तसंच राहू दिलं आहे. तिसऱ्या भागाची घोषणाही महेश कोठारे यांनी केलेली आहे. तो येईल तेव्हा तात्या विंचू परत उठेलच, त्याची मला काळजी नाही. त्याच्यासमोर कोण उभं राहतं, हे बघायला मी तिकीट काढणार आहे.

तोवर वाचकांना एक विनंती. पुस्तक उघडण्याआधी दोन्ही सिनेमे पुन्हा बघा, एका बैठकीत, आणि शक्य असेल तर एखाद्या न पाहिलेल्या पोराला शेजारी बसवून. बाहुला बोलायला लागला की आवाज क्षणभर बंद करा आणि फक्त माणसांचे चेहरे बघा. १९९३च्या सिनेमात आवाज बंद केल्यावरही बाहुला बोलतच राहतो. २०१३च्या सिनेमात तो गप्प होतो. हे असं का होतं, याचा शोध घेत पुढची पानं लिहिली गेली आहेत.

पेठ वडगाव